लग्नापूर्वीं वधूवरांनीं एकमेकांस पाहावें काय?

लग्नसराईच्या दिवसांत खेड्यांतील उपदेशकांपुढें एक प्रश्न हटकून येतो. विवाहविधि सुरू होण्यापूर्वीं वरानें वधूस पाहावें कीं नाहीं? घरांतील वृद्ध स्त्रिया म्हणतात, पाहूं नये, अपशकुन होतो. शहरांत नोकरीस असलेला मुलगा म्हणतो, छायाचित्रें काढणारा सकाळींच येणार आहे. दोघांनीं आधीं भेटून चित्रें काढून घेतलीं म्हणजे पुढें पाहुणे खोळंबणार नाहींत. मग दोन्ही पक्ष उपदेशकाच्या तोंडाकडे पाहतात.

येथें दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, ते प्रथम वेगळे करावे. लग्न ठरविण्यापूर्वीं दोघांनीं एकमेकांस पाहावें व बोलावें काय, हा एक; आणि ठरल्यावर, लग्नाच्या सकाळीं पाहावें काय, हा दुसरा. दुसऱ्यावर जितका वाद होतो तितका पहिल्यावर होत नाहीं, आणि आमच्या मतें महत्त्व सारें पहिल्याचेंच आहे.

शास्त्रांतील दोन लग्नें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावीं. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायांत अब्राहामाचा चाकर रिबकेस मागणी घालावयास जातो. बोलणें तिच्या बापाशीं व भावाशीं होतें, दागिने दिले जातात, सर्व कांहीं ठरतें. तरी निघण्याच्या वेळीं घरचे लोक तिला बोलावून विचारतात कीं तूं जातेस काय, आणि ती आपल्या तोंडानें होकार देते. इसहाकास तिनें तोंवर पाहिलें नव्हतें. संध्याकाळीं तो शेतांत दिसतो, ती उंटावरून उतरते, हा कोण म्हणून विचारते, आणि मग बुरखा घेते. पाहणें आधीं, बुरखा मागून! हा भाग आमच्या उपदेशकांनीं किती वेळां शिकविला असेल, पण हा क्रम किती जणांनीं ध्यानांत घेतला असेल?

२९ व्या अध्यायांत उलट प्रकार आहे. याकोबानें राहेलीस पाहिलें होतें. तिच्यासाठीं तो सात वर्षें राबला. तरी लग्नाच्या रात्रीं लाबानानें लेआ आणून दिली, व सकाळ होईपर्यंत त्यास तें कळलें नाहीं. याकोब फसला असें सर्वच सांगतात. लेआचें काय? तिला कोणी विचारल्याचें तेथें लिहिलेलें नाहीं. बापाच्या चलाखीमुळें नावडती बायको म्हणून राहण्याची पाळी तिच्यावर आली. ज्या घरांत मुलीस न विचारतां सुपारी फुटते, त्या घरांत हा अध्याय मोठ्यानें वाचून दाखवावा.

यहूदी लोकांत पुष्कळ ठिकाणीं वर लग्नमंडपांत जाण्यापूर्वीं वधूचें तोंड पाहतो व तिच्या मुखावर ओढणी घालतो. ह्या चालीचा संबंध याकोबाच्या गोष्टीशींच जोडतात. त्यांच्या तालमूदांत, स्त्रीस पाहिल्यावांचून पुरुषानें तिच्याशीं वाग्दान करूं नये असेंही सांगितलें आहे. उलट त्यांच्याच कांहीं समाजांत लग्नापूर्वींचा आठवडाभर दोघांनीं भेटूं नये अशी रीत आहे. दोन्ही चाली सुखानें एकत्र नांदतात, कारण ओळख करून घेण्याचा काळ त्या आठवड्यापूर्वींच होऊन गेलेला असतो.

आमच्या प्रांतांतील अंतरपाट तर सर्वांस ठाऊक आहे. मंगलाष्टकें संपेपर्यंत मध्यें वस्त्र धरतात. तें दूर झालें कीं हार पडतात. जुन्या विधींत परस्परसमीक्षण म्हणून एकमेकांस पाहण्याचा एक स्वतंत्र भागच आहे. बालविवाहाच्या काळीं पुष्कळांस तेंच पहिलें मुखदर्शन असे. आतां सहा महिने मोबाईलवर एकमेकांशीं बोलत असलेल्या दोघांस लग्नाच्या सकाळीं एकमेकांपासून लपविण्यांत तो अर्थ उरत नाहीं.

आमच्यांतील कांहींस वाटतें कीं वधूस लपवून ठेवणें ही ख्रिस्ती रीत आहे, कारण विलायतेंतही तशी समजूत आढळते. पण ती तेथील लोकांची समजूत आहे, मंडळीचा नियम नव्हे. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकांत तीन रविवारीं लग्नाची सूचना वाचावयास सांगितलें आहे. वरानें वधूस आधीं पाहूं नये असें कोठेंही नाहीं. आपल्या देशांतील १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याचें ६० वें कलम पाहावें. वर २१ वर्षांचा व वधू १८ वर्षांची झालेली असावी (१९७८ पूर्वीं ह्या मर्यादा कमी होत्या), आणि दोन विश्वासू साक्षीदारांसमक्ष दोघांनीं एकमेकांस उद्देशून वचन बोलावें, असें तें सांगतें. शकुनाचा तेथें पत्ता नाहीं.

कोणी म्हणेल, म्हातारीची समजूत राखली तर काय बिघडलें? कांहीं बिघडत नाहीं. आजीच्या संतोषासाठीं दोन तास दूर राहणारा नातू आम्हांस आवडतो. पण अपशकुन हें कारण मान्य केलें कीं त्याच दारानें दुसरा अपशकुन आंत येतो. ज्या तोंडानें वराचें पाहणें अशुभ ठरतें, त्याच तोंडानें विधवा आईस मुलीच्या जवळ येऊं नको असें सांगतात. जिनें काबाडकष्ट करून मुलीस वाढविलें, तिनें लग्नाच्या दिवशीं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत बसावें! कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें २०२२ सालीं विधवांविषयींच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ग्रामसभा हें करूं शकते, मग आमच्या मंडळींत अजून कुजबुज कां चालते?

म्हणून उपदेशकांनीं असें करावें. लग्नाची सूचना वाचण्यापूर्वीं मुलास व मुलीस वेगवेगळें विचारावें. मुलीशीं पाळकाच्या पत्नीनें किंवा मंडळींतील एखाद्या समजूतदार बाईनें, आईबाप जवळ नसतांना, बोलावें. ती गप्प राहिली तर तो होकार समजूं नये. आठ दिवसांनीं पुन्हां विचारावें. घरचे रागावले तरी चालेल, सूचना मागें राहूं द्यावी. विधवा आई असेल तर मुलीस वेदीपर्यंत हात धरून तिनेंच आणावें, व हें आदल्या दिवशींच घरांत स्पष्ट सांगून ठेवावें, म्हणजे ऐन वेळीं कोणी तिला मागें ओढणार नाहीं.

लग्नाच्या सकाळच्या भेटीचें म्हणाल, तर दोघांस वाटेल तसें करूं द्यावें. एकास भेटावयाचें असेल व दुसऱ्यास नसेल, तर नको म्हणणाऱ्याचें ऐकावें. छायाचित्रांसाठीं जाणार असतील तर मात्र उपासनेची वेळ चुकवूं नये. दहाची वेळ देऊन बारापर्यंत दूरच्या गांवांहून आलेल्या माणसांस उपाशीं बांकांवर बसविणें, ह्याला आमची हरकत आहे, आणि ती आम्ही तीनही रविवारीं सांगूं.