मेगापिक्सेलचं गणित

हॉस्टेलवर नवा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती मेगापिक्सेल?" मी मात्र आधी लेन्सबद्दल विचारतो. विवर्तनामुळे उत्तम लेन्ससुद्धा प्रकाशबिंदूची प्रतिमा बिंदू न देता छोटी चकती देते. तिचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-नंबर. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉन आणि एफ/१.८ धरा, उत्तर येतं सुमारे २.४ मायक्रॉन. १०८ मेगापिक्सेलच्या काही सेन्सरवर एक पिक्सेल ०.८ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एका चकतीत सुमारे सात पिक्सेल! असे काही फोन एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि त्यात फारसं काही हरवत नाही.

तेव्हा घरून आलेले पैसे नुसत्या आकड्यावर घालवू नका. दोन्ही फोनने वर्तमानपत्राच्या एकाच पानाचा फोटो काढा आणि कोपऱ्यातली अक्षरं वाचून बघा. लेन्स तिथेच पकडली जाते!