परगावी गेलेल्यांची चित्रपुस्तके

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, कुठल्याही गावात जा. तिथले कोणी ना कोणी परगावी असतेच. पूर्वी आपली माणसे मुंबईच्या गिरण्यांत होती. आता कोणी आखातात आहे, कोणी जहाजावर आहे. कातकरीवाडीतली कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतात आणि वीटभट्टीवर जातात. पावसाच्या तोंडाला परत येतात. पोरेही बरोबर जातात. शाळेच्या हजेरीपटावर त्या पोरांपुढे 'गैरहजर' एवढेच लिहिले जाते. ती कुठे गेली, तिथे त्यांनी काय पाहिले, हे त्या पटावर कुठेच येत नाही.

एक ठिकाण सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या माणसांना स्थलांतरित म्हणतात. शब्द जड आहे, पण माणसे आपलीच आहेत. अशा कुटुंबांवर जगात मुलांसाठी पुष्कळ चित्रपुस्तके निघाली आहेत. चित्रपुस्तक म्हणजे पानभर चित्र आणि त्याच्या खाली दोन-चार ओळी. त्यांतली दोन पुस्तके आज आपण पाहू. मग आपल्याच किनाऱ्यावरची एक हकिकत सांगू.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही चाळिशी ओलांडली. पोराटोरांची पुस्तके आम्ही काय वाचायची?"

ऐका तर. मेक्सिको नावाचा देश आहे. तिथली यूयी मोरालेस नावाची बाई 1994 साली तान्ह्या मुलाला घेऊन शेजारच्या अमेरिकेत आली. तिला इंग्रजी येत नव्हते. भोवतालचे लोक काय बोलतात ते कळत नव्हते. सॅन फ्रान्सिस्को शहरात तिला सार्वजनिक वाचनालय सापडले. तिथे मुलांच्या चित्रपुस्तकांची कपाटे होती. पुस्तके उघड्यावर मांडलेली, कोणीही हात लावावा, घरीही न्यावी. तिचा आधी विश्वासच बसेना! (पुस्तक फाटेल म्हणून ते कुलपात ठेवणाऱ्या शाळा आम्ही पाहिल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.) बाई मुलाला मांडीवर घेऊन बसे. आधी चित्र पाही. चित्रावरून शब्दाचा अंदाज बांधी. असे करत करत मायलेक एकाच पुस्तकातून नवी भाषा शिकले.

पुढे ती स्वतःच चित्रपुस्तके करू लागली. 2018 साली तिने स्वतःची हीच कथा चितारली. पुस्तकाचे नाव 'ड्रीमर्स'. ड्रीमर्स म्हणजे स्वप्ने पाहणारे. नव्या मुलखात माणूस कसा चुकतो, तेही तिने त्यात दाखवले आहे. मायलेक शहरातल्या कारंज्यात पाय बुडवायला जातात आणि पोलीस येतो! तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांनी मुलांचे पुस्तक हाती घेताना लाजू नये. ही बाई त्याच पुस्तकांवर शिकली.

दुसरे पुस्तक ऑस्ट्रेलियातले. शॉन टॅन या चित्रकाराने ते 2006 साली काढले. त्याचे वडील 1960 साली मलेशियातून ऑस्ट्रेलियात आले होते. पुस्तकाचे नाव 'द अरायव्हल', म्हणजे आगमन. पुस्तक चांगले जाडजूड आहे, पण त्यात वाचायला एक शब्द नाही. सारी चित्रेच.

एक बाप बायकोला आणि लहान मुलीला घरी ठेवून बोटीने दूरच्या शहरी जातो. तिथली फळे वेगळी, जनावरे वेगळी, पाट्यांवरची अक्षरेही वेगळी. ती अक्षरे टॅनने आपल्या मनाने बनवली आहेत. जगात ती कोणालाच वाचता येत नाहीत. त्यामुळे चार बुके शिकलेला माणूसही हे पुस्तक उघडले की निरक्षर होऊन बसतो. आम्हांला ही युक्ती फार आवडली. त्या बापाला भिंतीवर कागद चिकटवण्याचे काम मिळते. तो सगळे कागद उलटे चिकटवतो, कारण वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हेच त्याला कळत नाही. साक्षरता वर्गात येण्यापूर्वी तुमच्यापैकी कितीजणांनी एसटीची पाटी दुसऱ्याला विचारली असेल! त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. शेवटी बायको आणि मुलगी त्याच्याकडे येतात. मुलगी रस्ते शिकते, आणि नव्याने आलेल्या एका पोरीला वाट दाखवते.

सगळीच पुस्तके इतकी चांगली नसतात. काही पुस्तकांत माणसे नव्या गावी पोचली की शेवटच्या पानावर सगळे गोड होऊन जाते. आमचे त्यांच्याशी जमत नाही. खरी हकिकत तशी नसते. आपल्या बेने इस्रायल लोकांचेच पाहा.

हे ज्यू धर्माचे लोक. त्यांच्यात परंपरेने सांगतात की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. पुढे ते लोक किनाऱ्यावरच्या गावांत राहिले. तेलाचे घाणे चालवू लागले. धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. बोली मराठीच.

1948 साली इस्रायल देश स्थापन झाला. आपल्या धर्माचा देश म्हणून त्यांनी स्वप्न पाहिले, आणि त्यांतले बहुतेक लोक हळूहळू तिकडे गेले. पण पोचल्यावर काय झाले? 1962 साली तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढले की, यांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी आई-आजीच्या वंशाची चौकशी करावी. म्हणजे ज्या धर्मासाठी गाव सोडले, त्याच धर्माचा पुरावा दारात मागितला! आपली माणसे गप्प बसली नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, धरणी धरली. शेवटी 1964 साली तिथल्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल हे इतर ज्यूंच्या सर्व बाबतींत बरोबरीचे आहेत. तिकडे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. नवस फेडताना पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदाही ते तिकडे करतात. इकडे अलिबागच्या इस्रायल आळीत त्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे.

आता याचे चित्रपुस्तक करायचे झाले तर? पहिल्या पानावर फुटलेले गलबत. दुसऱ्या पानावर शनिवारचा घाणा, बैल मोकळे सोडलेले. मग सामानाची ट्रंक. मग रखरखीत मुलखातले नवे घर. मोर्चाचे पान गाळायचे नाही. मलिद्याच्या ताटाला मात्र पूर्ण पान द्यायचे.

असे पुस्तक तुमच्या घरचेही होऊ शकते. कोरी वही घ्या. चित्र पोराला काढू द्या, खालची ओळ तुम्ही लिहा. आजोबा कोणत्या गिरणीत होते? त्यांच्या खोलीत माणसे किती राहत? मनिऑर्डर आली की आजी पैसे कशावर खर्च करी? वाडीतल्या पोराने वीटभट्टी काढली तर "हे काय काढलेस?" म्हणू नका. विटांचा साचा कसा असतो ते विचारा. आई कुठे निजते, पाणी कुठून आणते, ते विचारा. त्याला काय व्हायचे आहे तेही विचारा आणि जसे सांगेल तसेच लिहा. डॉक्टर म्हणाला तर डॉक्टर, ड्रायव्हर म्हणाला तर ड्रायव्हर. अक्षर वाकडे आले तरी चालेल.

तयार पुस्तके हवी असतील तर माधुरी पुरंदरे यांची मराठी पुस्तके पाहा. 'राधाचं घर'मध्ये शब्दही त्यांचे आणि चित्रेही त्यांचीच. प्रथम बुक्स या संस्थेच्या 'स्टोरीवीव्हर'वर 2015 सालापासून मराठी चित्रकथा मोबाइलवर फुकट वाचता येतात.

अभ्यास

1. शनवार तेली हे नाव कसे पडले?
2. 'द अरायव्हल'मधल्या बापाने कागद उलटे का चिकटवले?
3. तुमच्या घरातून परगावी गेलेल्या पहिल्या माणसाचे नाव लिहा. तो कोणत्या वाटेने गेला, बरोबर काय नेले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि पाच ओळी लिहून पुढच्या वर्गाला आणा.