अव्यक्त राशीचें गणित व शेतकऱ्याचा व्यवहार

व्यवहारांत पुष्कळ वेळां असें होतें कीं, उत्तर ठाऊक नसतें, पण त्या उत्तराविषयीं दोन-चार गोष्टी ठाऊक असतात. खत किती आणावें, वांटणींत जमीन किती घ्यावी, दस्तांत रक्कम किती असावी, हे सर्व प्रश्न याच जातीचे होत. अंदाजानें चालणाऱ्यास उत्तर कधीं साधतें, कधीं साधत नाहीं. न साधल्यास तोटा मात्र त्याचाच होतो. महसुली दप्तरांत आयुष्य गेल्यामुळें केवळ आकड्यांच्या घोळावरून दुभंगलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. म्हणून एका अव्यक्ताच्या समीकरणाची रीत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

ही विद्या आपणांस परकी नाहीं. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें रचिलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत अव्यक्त राशींचीं समीकरणें आहेत. भास्कराचार्यांनीं (जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४) आपल्या बीजगणितांत अज्ञात राशीस ‘यावत्तावत्’ म्हटलें असून, अज्ञात राशी अनेक असल्यास त्यांस काळा, निळा, पिवळा अशा रंगांचीं नांवें दिलीं आहेत. त्यांचे ग्रंथ शिकविण्याकरितां स्थापिलेल्या मठाची नोंद आपल्याच चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेखांत आहे. आज शाळेंत मुलें ज्यास ‘क्ष’ म्हणतात, तोच हा यावत्तावत्.

रीत पुढीलप्रमाणें:

१. जें काढावयाचें त्यास क्ष म्हणावें, व तें किलो, आर कीं रुपये हें प्रथम लिहून ठेवावें.
२. प्रश्नांतील प्रत्येक गोष्ट क्ष च्या भाषेंत मांडावी.
३. कोणत्या दोन गोष्टी समान आहेत हें शोधून त्यांमध्यें बरोबरीचें चिन्ह घालावें.
४. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखेंच घातलें किंवा काढलें तर दांडी ढळत नाहीं. त्याच न्यायानें दोन्ही बाजूंस एकच क्रिया करीत क्ष एकटा करावा.
५. आलेलें उत्तर मूळ प्रश्नांत घालून ताळा पाहावा.

उदाहरण पहिलें, खताचें. समजा, एका हेक्टरास ६४ किलो नत्र व ४६ किलो स्फुरद द्यावयाचें आहे. डी.ए.पी. खतांत शेंकडा १८ नत्र व शेंकडा ४६ स्फुरद असतें. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें. स्फुरदासाठीं १०० किलो डी.ए.पी. लागेल, व त्याबरोबर १८ किलो नत्र आपोआप येईल. युरिया क्ष किलो मानूं.

१८ + ०.४६ क्ष = ६४
०.४६ क्ष = ४६
क्ष = १००

म्हणजे युरियाचीं ४५ किलोचीं २ पोतीं व वर १० किलो. डी.ए.पी.मधील नत्र विसरून जो सारें ६४ किलो नत्र युरियांतून देईल, त्यास सुमारें १३९ किलो युरिया लागेल. त्यांतील ३९ किलोंचा पैसा व्यर्थ जाईल.

उदाहरण दुसरें, वांटणीचें. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित मिळकतींत मुलीसही मुलाइतकाच हक्क आहे. समजा, भाऊ व बहीण यांस ६० आर बागायत व २४० आर जिरायत समान वांटून घ्यावयाची आहे. बागायतीचा १ आर जिरायतीच्या २ आरांबरोबर धरावा असें दोघांनीं ठरविलें. विहिरीजवळची सर्व बागायत भावानें घेतली, तर त्यानें जिरायत किती घ्यावी? ती क्ष आर मानूं. बहिणीस २४० − क्ष आर जिरायत राहील.

१२० + क्ष = २४० − क्ष
२ क्ष = १२०
क्ष = ६०

ताळा: भावाचे १२० + ६० = १८०; बहिणीचे २४० − ६० = १८०. आतां हीच वांटणी कोणी नुसत्या क्षेत्रावरून प्रत्येकीं १५० आर अशी केली, तर भावास बागायतीसह २१० जिरायत आरांचें मोल मिळतें व बहिणीस १५० चेंच. सात-बारावर दोन्ही आकडे सारखे दिसतील, पण न्याय झालेला नसेल.

उदाहरण तिसरें, कर्जाचें. सावकारानें वर्षाचें शेंकडा ८ व्याज आधींच कापून १८,४०० रुपये हातीं दिले. दस्तांत मुद्दल किती असावें? तें क्ष रुपये मानूं.

क्ष − ०.०८ क्ष = १८,४००
०.९२ क्ष = १८,४००
क्ष = २०,०००

दस्तांत याहून एक रुपयाही अधिक असेल तर सही करूं नये. आणखी एक गोष्ट पाहावी: व्याज १,६०० रुपये, पण वापरावयास मिळाले १८,४००च, म्हणून खरा दर शेंकडा ८ नसून सुमारें ८.७ पडतो.

वाचकांनीं पुढील दोन गणितें स्वतः सोडवावींत.

(अ) एका पंपानें हौद ६ तासांत भरतो, दुसऱ्यानें ३ तासांत. दोन्ही मिळून किती तासांत भरेल?

(आ) गाई व शेळ्या मिळून २० जनावरें आहेत. गाईस रोज १५ किलो व शेळीस ३ किलो हिरवा चारा याप्रमाणें एकूण १५६ किलो चारा लागतो. गाई किती?

उत्तरें: (अ) २ तास, (आ) ८ गाई.

घरांतील शाळकरी मुलामुलींस जवळ बसवून हीं गणितें करावींत. त्यांस पुस्तकांतील क्ष ओळखीचा असतो, आणि आपणांस शेतांतला. दोघांची गांठ पडली म्हणजे कागदावर सही करण्यापूर्वीं एक ताळा पाहण्याची संवय घराला लागेल.