खेळण्यातली आगगाडी का अडते?

नाशिक रोडला मध्य रेल्वेचा एक कारखाना आहे. तेथे विद्युत इंजिनांच्या मोटरी दुरुस्त होतात. घरातल्या विजेच्या आगगाडीचे कारागीर मात्र तुम्हीच!

मोठ्या इंजिनाला वरच्या तारेतून २५,००० व्होल्टची वीज मिळते व ती रुळांवाटे परतते. खेळण्यातल्या गाडीत बहुधा १२ व्होल्टचा प्रवाह एका रुळातून चाकात, तेथून मोटरीत आणि दुसऱ्या रुळातून परत जातो. हे मंडल तुटले की गाडी थांबते.

ते कोठे तुटले? गाडी अडते तेथे १२ व्होल्टच्या लहान दिव्याच्या दोन तारा दोन रुळांना टेकवा. दिवा लागला नाही, तर रुळांचे सांधे घट्ट करा. लागला, तर मळ शोधा. तारेचे टोक मळ खरवडून धातूला भिडते; चाक मळावरूनच जाते. वीज बंद करून स्पिरिटच्या फडक्याने रूळ व चाके पुसा, वाळू द्या. काचकागद नको, त्याच्या चऱ्यांत पुन्हा मळ साचतो. आसाला तेल सुईच्या टोकाएवढेच द्या.

तरीही गाडी अडली, तरच मोटरीचे ब्रश झिजलेत का पाहा. मोटर उघडण्याआधी प्रवाहाची वाट तपासावी, हे ध्यानात ठेवा.