रघुजींची तलवार : परत मिळाली की विकत घेतली?

प्रश्न : नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनहून आणताना सरकारने पैसे मोजले म्हणे. वस्तू आपली, मग पैसे कसले? हक्काने परत का मागितली नाही?
– एक वाचक, अकोट

उत्तर : मागायची कुणाकडे, इथेच घोडं अडतं. ही तलवार कुठल्या सरकारी संग्रहालयात नव्हती, सोदबीजच्या लिलावात निघाली होती. दोनशे वर्षांपूर्वीची लूट आजच्या मालकाकडून काढून घेता येईल असा कायदा ब्रिटनमध्ये नाही. म्हणून २९ एप्रिल २०२५ ला मध्यस्थामार्फत बोली लावून राज्य सरकारने ती घेतली. वाहतूक, विमा धरून ४७ लाख १५ हजार रुपये पडले. १८ ऑगस्टला ती मुंबईत वाजतगाजत आली. आनंद रास्तच, पण व्यवहार खरेदीचा होता.

तलवार पाहण्यासारखी आहे. पातं एकधारी, युरोपी घडणीचं, म्हणून ‘फिरंग’. मुठीजवळ सोन्याने देवनागरीत रघुजींचं नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा शाहू छत्रपतींनी दिलेला किताब.

ती बाहेर गेली कशी? १८१७ च्या इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, हा सरकारचा अंदाज. तुमच्या भागाने तर त्याआधीच हे भोगलं होतं. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून वऱ्हाड गेला. हाती लागलेला माल विकून पैसा सैन्यात वाटायचा, ही इंग्रजी फौजेची राजरोस रीत होती. ज्यांनी नेलं त्यांच्या लेखी ती चोरी नव्हतीच!

सरकारी संग्रहालयातली वस्तू असती तरी फार फरक पडला नसता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे हात १९८३ च्या कायद्याने बांधलेले आहेत, ब्रिटिश म्युझियमचे १९६३ च्या. त्यामुळेच २०२४ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून साताऱ्यात आलेली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर, उसनी आहेत.

अलीकडच्या चोरीचं मात्र वेगळं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने परवान्याशिवाय अशी वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा ठरतं. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदानचा नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने लाखो डॉलर देऊन घेतला होता. २०१४ मध्ये तो मुकाट्याने परत द्यावा लागला. मूर्ती देवळात असतानाचे फोटो पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे होते, तिथे वाद संपला.

तुमच्याच जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनीच्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या संग्रहालयात नोंदीसह आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती गावोगावच्या उघड्या देवळांतल्या, पारावरच्या मूर्तींची. तेव्हा एवढं करा : गावातल्या जुन्या मूर्तीचे पुढून, मागून फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा, तारीख लिहा आणि एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.