डझन, फ्यू आणि चमचा : इंग्रजी परिमाणाचे शब्द



सोलापूरच्या बाजारांत टॉवेल, केळीं किंवा अंडीं घेतांना आपण सर्वच 'डझन' म्हणतों. हा शब्द इंग्रजीवाटे आला आणि घरचाच होऊन बसला. असे आणखी पुष्कळ शब्द बिलावर, पत्रांत व औषधाच्या बाटलीवर आढळतात. त्यांचा अर्थ अंदाजानें घेतल्यास कधीं पैसा बुडतो, कधीं मनें दुखावतात, आणि कधीं जीवावरही बेततें. सबब ह्या पाठांत आम्ही त्यांचा विचार करणार आहों.

हे शब्द दोन जातींचे आहेत. कांहींची संख्या बांधलेली असते, कांहींची मोकळी असते. हा भेद ओळखणें हेंच ह्या पाठाचें सार होय.

१. बांधलेले शब्द. पेअर म्हणजे २, डझन म्हणजे १२, स्कोअर म्हणजे २०, आणि ग्रोस म्हणजे बारा डझन, अर्थात् १४४. ग्रोस म्हणजे शंभर असें जो धरील, त्याची चूक एकदम ४४ नगांची होईल. कागदाचा रीम पूर्वीं वीस दस्त्यांचा व दस्ता चोवीस तावांचा, म्हणून ४८० तावांचा धरीत. आतां रीम ५०० तावांचा असतो. तेव्हां जुनें कोष्टक पाठ असलेल्यांनीं सावध असावें.

स्कोअर हा शब्द व्यवहारांत आतां विरळा आहे. परंतु १६११ सालच्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत, ९० व्या स्तोत्रांत, मनुष्याचें आयुष्य तीन स्कोअर आणि दहा, म्हणजे ७० वर्षें, असें मोजिलें आहे. हें आपणांस परकें वाटूं नये. आपल्या खेड्यांतील वृद्ध मंडळीही 'तीन विसा आणि दहा' असेंच मोजीत आली आहे.

पेअर ह्या शब्दांत मात्र एक खोंच आहे. 'अ पेअर ऑफ सिझर्स' म्हणजे एकच कात्री, आणि 'अ पेअर ऑफ ट्राउझर्स' म्हणजे एकच विजार. शिंप्यानें दोन विजारी शिवून आणल्यास कापड फुकट जाईल.

सोलापूरच्या मागवाल्यांचा 'काउंट' हाही असाच शब्द आहे. ८४० वारांच्या जितक्या लड्या मिळून एक पौंड भरेल, तितक्या काउंटाचें तें सूत. म्हणून विसाच्या सुतापेक्षां चाळिसाचें सूत बारीक असतें. आकडा मोठा म्हणून सूत जाड, असें समजणारा फसतो.

२. मोकळे शब्द. 'मेनी' म्हणजे पुष्कळ, पण तें मोजण्याजोग्या वस्तूंस लागतें. 'मच' म्हणजेही पुष्कळ, पण तें पाणी, वेळ, पैसा ह्यांस लागतें. 'सेव्हरल' म्हणजे दोनांहून अधिक, परंतु फार नव्हे.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' ह्यांतील अंतर नीट पाहावें. 'फ्यू पीपल केम' ह्याचा भाव असा कीं, फारसें कोणी आलें नाहीं. 'अ फ्यू पीपल केम' ह्याचा भाव असा कीं, थोडे कां होईना, लोक आले. माणसें दोन्हीकडे दहाच असूं शकतील. पण पहिल्या वाक्यांत खंत आहे, दुसऱ्यांत समाधान आहे. 'लिटल' व 'अ लिटल' ह्यांचेंही तसेंच. आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे तर बरेच! उपदेशक बंधूंनीं इंग्रजींत अहवाल लिहितांना ह्या लहानशा 'अ' कडे लक्ष द्यावें. तो गाळल्यास कामाची वार्ता तक्रारीसारखी वाचली जाते.

३. चमचा. औषधाच्या बाटलीवर 'टीस्पून' असेल तर ५ मिलिलिटर समजावें. 'टेबलस्पून' असेल तर साधारणतः १५. संक्षेपानें लिहितांना पहिल्यास टी-एस-पी व दुसऱ्यास टी-बी-एस-पी अशीं अक्षरें घालितात. पहिल्यास दुसरें समजलें तर बालकाच्या पोटांत तिप्पट औषध जातें. घरचे चमचे लहानमोठे असतात, म्हणून बाटलीबरोबर आलेल्या मापानेंच औषध द्यावें. शंका असल्यास औषध देणाऱ्यास पुन्हां विचारावें. विचारण्यांत लाज नाहीं.

तात्पर्य, शब्द बांधलेला असेल तर मोजून घ्यावें व मोजून द्यावें. शब्द मोकळा असेल तर सही किंवा अंगठा करण्यापूर्वीं 'किती?' असें विचारून आंकडा लिहून घ्यावा.

अभ्यासाचे प्रश्न.
(१) तीन ग्रोस बटणें म्हणजे किती?
(२) 'लिटल मनी' व 'अ लिटल मनी' ह्यांपैकीं कोणाजवळ उसने मागावे?
(३) आपल्या घरांतील औषधाची बाटली पाहून तीवरील माप सर्वांस समजावून सांगा.