पोट्टा बँडमध्ये जातो म्हणतो

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या एका वडिलांनी मला दिवाळीच्या आधी गाठलं. मुलगा बारावीत, सायन्सला. "सर, पोट्टा म्हणते बँडमंदी जातो. वरातीत वाजवासाठी शिकवून राह्यलो का मी त्याले?" मुलगा शेजारीच, मान खाली घालून उभा. त्याच्या डोक्यातला बँड म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रम, चार दोस्त आणि एक गाडी. आज पुणे, परवा बंगळुरू, पुढच्या आठवड्यात शिलाँग. वडिलांच्या डोक्यातला बँड म्हणजे लाल कोट, क्लॅरिनेट आणि घोड्यापुढे नाचणारे पाहुणे. महिनाभर दोघं एकाच शब्दावरून भांडत होते आणि शब्दाचा अर्थ मात्र कोणीच कोणाला विचारला नव्हता.

मी त्यांना आधी रॉक बँड म्हणजे काय ते सांगितलं. मग म्हटलं, हे आयुष्य कसं असतं ते बघायला मुंबईला जायची गरज नाही. लाखांदूर ओलांडा, वडसा येतं. सरकारी कागदावर देसाईगंज, पण नाटकवाल्यांसाठी वडसाच. झाडीपट्टी रंगभूमीची बहुतेक नाट्यमंडळं तिथून निघतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक असतं. वडील हसले. "नाटक तं आमी लहानपणापासून पाह्यतो." पाहता, पण मांडवातून पाहता. मी रंगमंचाच्या मागून पाहा म्हणत होतो.

मागून ते असं दिसतं. दुपारी गाडी भरायची. पडदे, लाइट, ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड, माणसं. संध्याकाळी गावात पोचायचं, ज्याच्या घरी सोय केली त्याच्याकडे जेवायचं. दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. गावात त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात, सोयरिकी जुळतात, त्यामुळे कोणालाच घाई नसते. वाजवणाऱ्याला मात्र संपूर्ण रात्र जागं राहून, प्रत्येक गाण्याला आणि प्रत्येक प्रवेशाला, नेमक्या जागी वाजवायचं असतं. उजाडताना सामान पुन्हा गाडीत. सकाळी कुठेतरी झोप, दुपारी पुन्हा गाडी. असे चार-साडेचार महिने. यातल्या 'गाडी'च्या जागी टेम्पो ट्रॅव्हलर घाला, 'ऑर्गन'च्या जागी सिंथेसायझर, आणि जेवणाच्या घराच्या जागी हायवेवरचा ढाबा; दौऱ्यावरचा रॉक बँड तयार होतो. रंगमंचावरचा वेळ तिथे उलट कमीच असतो, तास-दीड तास. उरलेला दिवस प्रवास, वाट पाहणं, साउंडचेक, पुन्हा वाट पाहणं आणि केबल गुंडाळणं. ज्याला तो दीड तास आवडतो त्याला संगीत आवडतं एवढंच सिद्ध होतं. उरलेले साडेबावीस तास सोसतात का, हा करिअरचा प्रश्न आहे.

मुलांना वाटतं, कलेला मोसम नसतो. असतो, आणि तो धानाच्या बांधीला बांधलेला असतो. धान कापून घरात आलं की भाऊबीजेपासून गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचं लोकनाट्य उभं राहतं, रात्री नाटक लागतं. होळीनंतर नाटकं संपतात. एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम आणि लग्नं. मृगाचा पाऊस पडला की सगळं थांबतं. रोवणीच्या दिवसांत गावाकडे तिकीट काढून बसायला ना वेळ असतो ना पैसा. मग गणपती-दुर्गेला धुमालवाल्यांची चलती. ट्रकवर कीबोर्ड, पॅड आणि भोंगे लावून वाजणारं हे धुमाल म्हणजे आपल्या भागातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा फिरता बँड आहे, आणि त्यात उत्तम वादक आहेत, हे मी कुठल्याही शहरी संगीतप्रेमीसमोर म्हणायला तयार आहे.

गंमत अशी की रॉक बँडचं पंचांगही जवळपास हेच आहे. मैदानातले महोत्सव आणि कॉलेजांचे उत्सव हिवाळ्यात. आयआयटी मुंबईचा 'मूड इंडिगो' डिसेंबरात. २०१० साली पुण्यात सुरू झालेला 'वीकेंडर' महोत्सवही बहुतेकदा पावसाळा उलटल्यावरच भरत आला. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्यात वर्षाची बरीचशी कमाई करायची आणि पावसाळ्यात नवीन गाणी बसवायची, शिकवण्या घ्यायच्या, किंवा घरी येऊन रोवणीला उभं राहायचं. कोंढ्याच्या मुलाला हे शेवटचं शहरातल्या मुलापेक्षा सोपं आहे. घरी दोन एकर धान असणं ही दौऱ्यावरच्या कलावंताची बिनव्याजी उचल असते.

आता पैशाचं. आकडे मी समजण्यापुरते घेतो. समजा पाच जणांच्या बँडला दुसऱ्या शहरात ४० हजारांचा कार्यक्रम मिळाला. गाडी आणि डिझेल १२ हजार, राहणं-जेवण ६ हजार, आपला साउंडवाला ५ हजार, तारा-काठ्या-बॅटऱ्या-हमाली २ हजार. उरले १५ हजार, माणशी ३ हजार. जाण्यायेण्यात दोन दिवस गेले, म्हणजे दिवसाला दीड हजार. त्यातही आयोजकाने व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस कापला तर ४ हजार आधीच अडकतात आणि त्या दिवशी हातात माणशी २,२०० पडतात. अडकलेले परत मिळवायला आयकर विवरणपत्र भरावं लागतं. बँडमधल्या एकाला तरी हे हिशेब आवडले पाहिजेत. पाचही जण 'कलावंत' असतील तर तो बँड तिसऱ्या वर्षी मोडतो, आणि मोडायचं कारण क्वचितच संगीत असतं.

व्यवहाराच्या आणखी काही गोष्टी मुलाआधी आईबापांनी समजून घ्याव्यात. १८ वर्षांखालच्या मुलाने सही केलेला करार आपल्या कायद्यात ग्राह्य नाही. तोवर कागदावर पालक हवेत. बयाणा घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही, हा वडशाचा नियम बंगळुरूलाही चालतो. स्वतःची गाणी रचत असाल तर गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्या. ही संस्था १९६९ पासून आहे, आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला सहज गिळता येत नाही. हे ज्यांना ठाऊक नसतं ते पहिल्याच कंपनीसमोर 'सगळे हक्क तुमचे' म्हणून मोकळे होतात.

दारू, व्यसन, संगत. या भीतीबद्दल प्रत्येक आई विचारते आणि तिची भीती खोटी नाही. पण दौऱ्यावरच्या मुलाबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ड्रायव्हरच्या झोपेची. कार्यक्रम संपतो, सामान भरेपर्यंत मध्यरात्र उलटते, लॉजचे पैसे वाचवायचे म्हणून लगेच निघायचं, आणि चाक धरणारा सकाळपासून जागा. 'मेटॅलिका' हा जगातल्या मोठ्या बँडपैकी एक. त्यांचा बेसवादक क्लिफ बर्टन १९८६ च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून गेला, वय २४. आपल्याकडचे अपघात जिल्हा पानावर दोन ओळींत येतात. म्हणून मुलाला 'पिऊ नको' एवढंच सांगून थांबू नका. गाडी कोण चालवतो, तो दिवसा झोपला का, मुक्काम धरलाय का, हे विचारा. मुलगा वैतागेल, तरी विचारा.

दुसरी गोष्ट कान. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमशेजारी उभं राहिलं की तो आकडा सहज गाठला जातो, धुमालच्या भोंग्यासमोर तर बोलायलाच नको. कानात सतत गुंई आवाज येऊ लागला की तो पुढे जातोच असं नाही, आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. फोमचे इअरप्लग पन्नास रुपयांच्या आत येतात. ज्याला आयुष्यभर कानांवर जगायचंय त्याने ते पहिल्या सरावापासून घालावेत.

मुलगी जायचं म्हणत असेल तर? झाडीपट्टीत बाया वर्षानुवर्षं रात्रभर काम करून गावोगाव फिरत आल्या आहेत. तेव्हा 'आपल्याकडे नाही चालत' हे खरं नाही. काय लागतं ते त्यांच्याकडूनच शिकावं: वेगळी खोली, कडी लागणारी, जवळ संडास, आणि मंडळात आणखी एखादी बाई. रॉक बँड आयोजकाला आपल्या गरजांची यादी पाठवतात, तिला राइडर म्हणतात. माइक किती, मॉनिटर किती, याच्या वर या चार ओळी लिहाव्यात.

शिकायचं कुठे, या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी नकाशावरून सुरू होतं. भंडाऱ्याहून गोंदिया-राजनांदगावच्या बाजूला गेलं की छत्तीसगडमध्ये खैरागड लागतं. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ पासून आहे, संगीताची पदवी देतं, आणि आपल्याकडची मुलं त्याचं नाव न ऐकताच पुण्या-मुंबईच्या जाहिराती बघत बसतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा शाळा-कॉलेज सांभाळून देता येतात. गिटार, बेस, ड्रम यांसाठी ट्रिनिटी आणि रॉकस्कूलच्या श्रेणी परीक्षा आहेत. त्या खर्चिक आहेत, आणि बँडमध्ये घेताना कोणी प्रमाणपत्र मागत नाही. पण शिकवणी घेऊन पावसाळा काढायचा असेल तर कामाला येतात. पदवी सोडू नये. दौऱ्यावर हजेरी जमत नसेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरात होतात. मोसमवाल्याने जून धरावा.

'इंडियन ओशन' या दिल्लीच्या बँडचे राहुल राम बेस वाजवतात आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे पीएचडी आहेत. पालकांना हे उदाहरण फार आवडतं म्हणून मी ते जपून वापरतो. पोराने आधी पीएचडी करावी असा त्याचा अर्थ लगेच काढला जातो. मला त्यापेक्षा मुंबईच्या 'रॉक मशीन'ची गोष्ट उपयोगी वाटते. महेश तिनईकरांची गिटार असलेला हा बँड १९८४ मध्ये उभा राहिला, १९९३ मध्ये त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं, १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा जमला. तेरा वर्षं वाजवलं, तेरा वर्षं बँड नव्हता. देशात नाव झालेल्या बँडचं हे. मधल्या तेरा वर्षांत हातात दुसरं काहीतरी असावं लागतं. २०२० च्या मार्चमध्ये तर कोरोनामुळे एका आठवड्यात जगातले सगळे मांडव उठले, वडशाचे आणि लंडनचेही, तेव्हा ज्यांच्याकडे दुसरं काही होतं ते तगले.

हे 'दुसरं काही' बँडच्या आसपासच असतं, आणि मला वाटतं कोंढ्याच्या मुलाची खरी संधी तिथे आहे. रंगमंचावर पाच जण दिसतात. त्यांच्यामागे मिक्सरवर बसणारा, मॉनिटर सांभाळणारा, लाइट टाकणारा, गिटारच्या तारा बदलून सूर लावून देणारा, जनरेटर आणि अर्थिंग बघणारा, तिकिटं-मुक्काम-गाड्या जुळवणारा मॅनेजर. वादकाचा एक बँड बुडाला तर तो बेकार होतो. साउंडवाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँडबरोबर निघतो. लग्न, सभा, कीर्तन, नाटक, सगळीकडे त्याला काम. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड करून एखाद्या साउंड सर्व्हिसवाल्याकडे उमेदवारी केली तर विसाव्या वर्षी मुलगा कमावता होतो. ज्याला पुढे जायचंय त्याच्यासाठी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे. त्याला पदवी लागते, आणि बारावीचं भौतिकशास्त्र तिथे उपयोगी पडतं. कोंढ्याचा मुलगा सायन्सला होता, हे त्याच्या वडिलांना पहिल्यांदाच बरं वाटलं.

गडचिरोली जिल्ह्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणेंना झाडीपट्टीच्या कामासाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पालकांना मी ते सांगतो. मुलांना सांगत नाही. मुलांना मी सांगतो की पंधरा दिवस नाट्यमंडळाबरोबर जा. फुकट राबा. वाजवायला मागू नका, सामान उचला. अकराव्या दिवशी, सर्दी झालेली, झोप झाली नाही, आणि दुपारी पुन्हा गाडी भरायची, तेव्हा मनात काय येतं ते वहीत लिहून आणा. मग आपण बोलू.

त्या मुलाने अजून वही आणलेली नाही. मंडईच्या दिवसांत तो आणि वडील दोघं नाटकाला गेले, आणि माझ्या सांगण्यावरून वडील शेवटपर्यंत मांडवात थांबले नाहीत, पहाटे मागच्या बाजूला गेले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलाचं काही बोललेच नाहीत. "सर, तो मिक्सरवर बसते ना, अन् मंग वायरा गोळा करते, त्याले एका नाइटचे किती भेटते?"

मी म्हटलं, त्यालाच विचारायचं होतं. म्हणाले, "इचारलं. तो म्हणे, कंच्या नाइटचे?"